आधी कुलूप, मग कार्बाईन

डॅलसच्या उत्तरेकडे प्लेनो, ॲलन, फ्रिस्को अशी उपनगरं एकमेकांना चिकटून पसरली आहेत. एखाद्या चौकात वळलं की भारतीय किराण्याचं दुकान, डोशाचं उपाहारगृह, मुलांच्या गणिताचे वर्ग आणि गाडीचं ऑईल बदलून देणारं गॅरेज एका रांगेत दिसतं. गेल्या काही वर्षांत इथे मराठी घरं इतकी वाढली आहेत की गणपतीत मोदकांची ऑर्डर महिनाभर आधी द्यावी लागते. किराण्याच्या दुकानापासून पाच मिनिटांच्या अंतरावर बंदुकांचं दुकान आहे आणि त्याच्या पोटात नेमबाजीची बंदिस्त रेंज. पार्किंगमध्ये गाड्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मालकी’ हा विषय दिला तेव्हा घर, शेत, सोनं असे अनेक पर्याय समोर होते. मी न्यू जर्सीत राहते. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली एक प्रश्न हळू आवाजात विचारला जाऊ लागला आहे : ‘तुम्ही घेतली का?’ विचारणारा घराबद्दल बोलत नसतो, बंदुकीबद्दल बोलत असतो. म्हणून विकत घेतल्यानंतर मालकाकडून रोज काही ना काही मागणाऱ्या या वस्तूकडे पाहायचं ठरवलं. त्यातही जिचं नाव वारंवार कानावर येत होतं ती पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाईन निवडली आणि टेक्सास गाठलं.

काउंटरवरची पहिली शिस्त

दुकानातल्या तरुण विक्रेत्याने भिंतीवरून कार्बाईन उतरवली. माझ्या हातात देण्याआधी त्याने मॅगझिन काढलं, बोल्ट मागे खेचून अडकवला, चेंबरमध्ये डोकावून पाहिलं आणि करंगळी आत घालून चाचपलं. मग ती मला दिली आणि म्हणाला, आता हेच सगळं तुम्ही करा. त्याने तपासलेलं मी पाहिलं होतं, तरीही. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा घेणाऱ्याने ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करायची. नळी माणसाकडे वळवायची नाही आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही. दुकानात जितका वेळ होते तितका वेळ तिथल्या कुणाकडून हा नियम मोडलेला मला दिसला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने कार्बाईन पाहिलेली असते ती बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या किंवा अंगरक्षकाच्या छातीवर. ती सरकारी आणि सलग गोळ्या झाडणारी असते. अमेरिकेत सामान्य माणूस घेतो ती चाप ओढला की एकच गोळी झाडणारी. दिसायला रायफल, पण आत काडतूस पिस्तुलाचं, बहुतेक वेळा ९ एमएम. रुगर कंपनीने २०१७ साली आणलेली पीसी कार्बाईन या प्रकारात फार खपते. केल-टेकची मधोमध घडी होणारी आहे, हाय-पॉइंटची स्वस्तातली आहे आणि एआर पद्धतीच्या तर असंख्य आहेत.

घेणाऱ्यांची कारणं सरळ आहेत. ९ एमएमचं काडतूस रायफलीच्या काडतुसापेक्षा स्वस्त पडतं, त्यामुळे सराव परवडतो. पिस्तूल फक्त हातांवर तोललेलं असतं. कार्बाईनला दोन हात, खांदा आणि गाल असे चार टेकू मिळतात आणि नवशिक्याचाही नेम स्थिरावतो. शिवाय काही कार्बाईनींना मालकाच्या पिस्तुलाचंच मॅगझिन चालतं. रुगरमध्ये मॅगझिनची खाच बदलता येते आणि ग्लॉक पिस्तुलाचं मॅगझिन थेट बसतं.

दोन्हींना एकच काडतूस, ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ची रायफल .४४-४० काडतुसावर चालायची. काही वर्षांनी कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि घोड्यावरच्या माणसाचं काम कमरेच्या एकाच पट्ट्यावर भागू लागलं. याच वंशावळीला एक काळी नोंदही आहे. १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या हत्याकांडात वापरलेल्या शस्त्रांमध्ये हाय-पॉइंटची ९ एमएम कार्बाईन होती. काउंटरवर हे कुणी सांगत नाही. विकत घेणाऱ्याने मात्र ते माहीत करून घ्यावं.

फॉर्म आणि व्हिसा

परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर ४४७३ क्रमांकाचा केंद्र सरकारचा फॉर्म भरावा लागतो. त्यानंतर दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून माणसाची पार्श्वभूमी तपासून घेतो. ही तत्काळ तपासणी १९९८पासून सुरू आहे आणि पुष्कळदा काही मिनिटांत उत्तर येतं. रायफल प्रकारात मोडणारी कार्बाईन दुकानातून घ्यायला केंद्रीय कायद्याने वय १८ पुरतं, पिस्तुलाला २१ लागतं. नळी किमान १६ इंच हवी. त्याहून आखूड नळी आणि खांद्याला लावायचा दस्ता एकत्र आले की ते शस्त्र १९३४च्या राष्ट्रीय बंदूक कायद्याखाली जातं आणि त्याची वेगळी नोंदणी करावी लागते. घरी बसून नळी कापणं किंवा इंटरनेटवरून मागवलेला सुटा भाग जोडणं हा गंभीर गुन्हा होऊ शकतो.

आपल्या लोकांच्या दृष्टीने त्या फॉर्मवरचा कळीचा प्रश्न व्हिसाचा आहे. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद सोडले तर एच-१बीवाला अभियंता, त्याची एच-४वरची बायको, एफ-१वरचा विद्यार्थी हे सगळे या मनाईत येतात. ग्रीन कार्ड मिळालं की ती उठते. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग अनेक वर्षांची असल्याने एकाच सोसायटीतल्या दोन मराठी शेजाऱ्यांपैकी एकाला बंदूक घेता येते आणि दुसऱ्याने ती हातात धरली तरी तो अडचणीत येतो. रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन फोटोपुरत्या दोन गोळ्या झाडणंही ‘बाळगणं’ ठरतं. फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. वर्षानुवर्षं कागदपत्रं जपणाऱ्या कुटुंबाचं इथलं सगळं भविष्य त्या एका फोटोपायी पणाला लागू शकतं.

राज्याराज्यांत पुन्हा फरक आहेत. टेक्सासमध्ये कार्बाईन घ्यायला वेगळा परवाना लागत नाही. माझ्या न्यू जर्सीत आधी पोलिसांकडे अर्ज, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसांची नावं आणि प्रशिक्षण हे सोपस्कार करून ओळखपत्र घ्यावं लागतं. मॅगझिनमध्ये १०हून अधिक गोळ्या चालत नाहीत. टेक्सासमध्ये कायदेशीरपणे घेतलेली वस्तू बदलीबरोबर ट्रकात टाकून न्यू जर्सीत आणली तर मालक गुन्हेगार ठरू शकतो. आणि भारतात तर ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर, सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही.

कडी नसलेलं दार

रेंजवर मला तिथल्या प्रशिक्षकाने काचेपलीकडून आणि मग रिकाम्या बंदुकीवर तिचं आतलं काम समजावलं. सैनिकी रायफलीत गोळी सुटताना बोल्ट नळीच्या मागे घट्ट अडकलेला असतो. रुगर किंवा हाय-पॉइंटसारख्या साध्या कार्बाईनमध्ये तसं अडकणं नसतं. दाराला कडी नसावी आणि आतून जड पाटा टेकवून ठेवावा, तसा इथे बोल्टचा नुसता भार आणि त्यामागची स्प्रिंग काडतुसाला थोपवून धरते. दारू पेटली की वायू गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे एकाच वेळी रेटतात. गोळी हलकी असल्याने पुढे निघून जाते. जड बोल्ट सावकाश हलतो आणि तो पुरेसा मागे येईपर्यंत नळीतला दाब उतरलेला असतो. मग पुंगळी बाहेर फेकली जाते आणि बोल्ट परतताना नवं काडतूस आत ढकलतो.

या एका रचनेतून मालकाच्या वाट्याला येणाऱ्या बऱ्याच गोष्टी निघतात. बोल्ट जड असतो म्हणून एवढ्याशा काडतुसाच्या मानाने खांद्याला बसणारा धक्का टोकदार असतो. रुगरने तो कमी करायला बोल्टमध्ये टंगस्टनचं वजन घातलं आहे. पुंगळी लवकर मागे सरकते म्हणून काजळी आणि न जळलेली दारू आत उडते आणि कार्बाईन लवकर मळते. भार आणि स्प्रिंग यांचा मेळ ठरावीक ताकदीच्या काडतुसासाठी जुळवलेला असतो, म्हणून कारखान्याने सांगितलेल्या काडतुसांपेक्षा जास्त दाबाची काडतुसं घालायची नाहीत. स्प्रिंग थकली की ती बदलायची, ‘अजून चालतेय’ म्हणून रेटायचं नाही.

लांब नळीचा फायदाही इथेच कळतो. ११५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ७.५ ग्रॅमची गोळी पिस्तुलातून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने निघते. १६ इंची नळीतून ती ४०० मीटरच्या आसपास पोचते. पण त्याच लांब नळीत एक धोका असतो. काडतुसात दारू कमी भरली गेली असेल तर गोळी नळीतच अडकते. तेव्हा नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज येतो. त्या क्षणी थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळी आरपार पाहायची. पुढची गोळी त्या अडथळ्यावर आपटली तर नळी फाटते. प्रशिक्षकाच्या म्हणण्यानुसार रेंजवर नवा माणूस आला की तो त्याला सर्वांत आधी हा आवाज ओळखायला सांगतो.

खंडेनवमीची सफाई

ज्या कुटुंबाने मला घरी बोलावलं ते मूळचं सातारा जिल्ह्यातलं. नवरा-बायको, म्हणजे आमचे यजमान आणि वहिनी, दोघंही आता अमेरिकेचे नागरिक आहेत. दहावीतला मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा घरी होते. आजोबांना सगळे आबा म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आबा नोकरीत कानपूरच्या कारखान्यात तयार झालेली ९ एमएम कार्बाईन १ए वापरत. ती ब्रिटिश स्टर्लिंगच्या घाटाची, डाव्या अंगाला वाकडं मॅगझिन असलेली. तिचा बोल्ट उघडा राहायचा आणि चाप ओढल्यावर पुढे धावत जाऊन गोळी झाडायचा. त्यांच्या मुलाची, म्हणजे यजमानांची, कार्बाईन बंद बोल्टची आहे.

ती खंडेनवमी होती. आबांच्या मुलाने गॅरेजमधल्या टेबलावर जुनं फडकं अंथरलं. काडतुसांचा डबा घरात कुलपात ठेवून आला, टेबलावर एकही काडतूस नव्हतं. मग मॅगझिन काढून, बोल्ट अडकवून, डोळ्यांनी आणि बोटाने चेंबर तपासलं. पुढच्या बाजूची कळ दाबून नळीला पीळ दिला आणि कार्बाईनचे दोन तुकडे झाले. नळी अशी सुटी होत असल्याने गज मागच्या तोंडातून घालता येतो आणि पुढची कड झिजत नाही. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंदी एकदा फिरवली, थोडा वेळ मुरू दिली, मग पितळी तारांचा ब्रश, मग कोरड्या चिंद्या. पहिली चिंदी डांबरासारखी काळी निघाली, शेवटची जवळपास पांढरी.

आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर. व्हिजिटर व्हिसा हाही बिगर-स्थलांतरितच. त्यामुळे आयुष्यभर हत्यारं सांभाळलेल्या या माणसाला मुलाच्या कार्बाईनला हात लावता येत नाही. वहिनींनी मला ते सांगितलं तेव्हा आबाच म्हणाले, ‘‘हुकूम म्हंजी हुकूम. ज्याच्या नावावर हत्यार, त्यानंच ते हाताळायचं. मी पोरांना हेच शिकवलंय.’’ पण त्यांची नजर टेबलावरून हलत नव्हती.

‘‘बोल्टचं तोंड बघ. नखाखाली बघ,’’ आबा म्हणाले.

‘‘बघतोय आबा.’’

‘‘बघतोय नको, ब्रश घाल.’’

पुंगळी ओढून काढणारं ते पोलादी नख. त्याच्याखाली पितळेचे कण आणि काजळी यांचा थर बसला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने तो निघाला. हाच थर साचला की नख पुंगळी सोडून देतं आणि बंदूक अडते. बोल्ट जिथे घासतो तिथे तेलाचा एकेक थेंब लागला, बाकी सगळं पुसून कोरडं झालं. जास्त तेल धूळ धरतं. लाल ठिपक्याच्या दुर्बिणीचे स्क्रू किल्लीने तपासले, तिची बॅटरी बदलली. मॅगझिनही उघडून कोरड्या फडक्याने पुसलं. नळी परत बसवल्यावर ती हलत नाही ना हे हाताने पाहिलं आणि रिकाम्या बंदुकीचा बोल्ट मागेपुढे करून चाल बघितली. शेवटी दोन्ही हात साबणाने धुतले. काडतुसाच्या टोपीत शिशाची संयुगं असतात आणि काजळीबरोबर ती हाताला लागतात. वहिनींचा नियम आहे की रेंजवरचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत आणि सफाई स्वयंपाकघरात होणार नाही.

पूजेला हळद-कुंकू कार्बाईनला लागलं नाही. ओलं कुंकू पोलादाला गंज आणतं आणि कण फटीत बसतात, म्हणून ते पेटीच्या झाकणाला लागलं. आबांनी लांबूनच नमस्कार केला.

भिंतीपलीकडे कोण झोपलंय?

कार्बाईन कशासाठी घेतली, या प्रश्नाला घरच्यांचं उत्तर दुहेरी होतं. यजमानांना स्पर्धांची आवड आहे. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या व्यावहारिक नेमबाजीच्या संघटनेत या कार्बाईनींचा स्वतंत्र गट आहे आणि महिन्यातला एखादा रविवार ते तिथे घालवतात. दुसरं कारण वहिनींनी सांगितलं. शेजारच्या गल्लीत चोरी झाली तेव्हापासून त्या रात्री दचकून उठत.

भीती खरी असते, तिला हसू नये. पण घराच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवणाऱ्याने आधी घराकडे पाहावं. इथल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्समचे पातळ पत्रे ठोकले की आतली भिंत तयार. ९ एमएमची गोळी अशा एकामागून एक भिंती पार करते. जिन्याकडे झाडलेली गोळी मुलांच्या खोलीत जाऊ शकते. यजमानांनी घराचा आराखडा काढून कोणत्या जागेवरून कोणत्या दिशेला कधीच नेम धरायचा नाही हे ठरवलं आहे. त्यांचा पहिला बेत मुलांना एका खोलीत घेऊन, दार लावून ९११ला फोन करायचा आहे. बंद खोलीत कानांना काही लावलेलं नसताना झालेला एक बारही ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो.

पण सर्वांत मोठा धोका बाहेरून येत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण २०२० साली बंदूक ठरलं. आत्महत्येचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तो टळला तर माणूस वाचतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्याला दवाखान्यात नेता येतं, बंदुकीने केलेला प्रयत्न मात्र बहुतेक वेळा जीव घेऊनच जातो. मार्क, प्रवेश, तुलना यांचं ओझं आपल्या घरांतल्या मुलांवर किती असतं हे आपण जाणतो. अशा घरात भरलेली बंदूक कपाटावर ठेवणं हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे, असं माझं मत आहे.

तिजोरी

या घरात तसं नाही. जिन्याखालच्या कपाटात जमिनीला बोल्टने ठोकलेली पोलादी तिजोरी आहे. कार्बाईन रिकामी, त्यात. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. दोन्हींत ओल शोषणाऱ्या पुड्या. तिजोरीचा आकडा फक्त नवरा-बायकोला माहीत आहे, आबांना नाही, दहावीतल्या मुलाला नाही आणि त्यात कुणाची जन्मतारीख नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात : घरात बंदूक ठेवायचीच असेल तर ती रिकामी आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. टेक्सासमध्ये भरलेलं शस्त्र निष्काळजीपणे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडू देणं हा मोठ्यांचा गुन्हा आहे.

यजमानांनी तिजोरी आधी घेतली आणि कार्बाईन नंतर. वहिनींची ती अटच होती. त्यांना मी विचारलं, घरात कुणाचं मन फार बिघडलेलं दिसलं तर काय कराल? त्या लगेच म्हणाल्या, ‘‘त्या दिवशीच ती घराबाहेर जाईल. कुठे ठेवायची तेही विचारून ठेवलंय.’’ त्या क्षणी मला या घराबद्दल विश्वास वाटला.

मी न्यू जर्सीला परतले ती कार्बाईन घ्यायची नाही हे ठरवून. तो माझ्या घरापुरता निर्णय. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी तिजोरी, प्रशिक्षण आणि सफाईचा वेळ यांची तजवीज आधी करावी. ती जमणार नसेल तर दुकानात जाऊच नये. आणि महाराष्ट्रात हा अंक वाचणाऱ्या आई-बाबांना माझी विनंती आहे. अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघाला असाल, तर औषधं आणि विम्याच्या चौकशीबरोबर एक प्रश्न फोनवर जरूर विचारा : घरात बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुलपात आहे ना? नातवंडं मित्रांकडे राहायला जात असतील तर तिथेही विचारायला सांगा. विचारण्यात कसलाही संकोच नको. ‘हो’ म्हटलं तर तिला हात लावू नका, आणि कुलूप नसेल तर ते बसवेपर्यंत मुलाच्या मागे लागा.